मॉन्टेरेची एक दिवसाची डाईव्ह : १२ अंशांचं पाणी, केल्प आणि कॅमेरा

आंबेमोहोर

मंडळी, गेल्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला जाऊन आले. पहाटे निघून रात्री जेवायला घरी. दोन डाईव्ह झाल्या, त्यातल्या दुसरीला कॅमेरा होता. इथे बे एरियातले बरेच जण आहेत, आणि तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रांदे बेटापाशी पहिल्यांदा पाण्याखाली गेलेलेही खूप आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते : गार पाण्यात दिवसाची पहिली डाईव्ह कॅमेऱ्याशिवाय करायची. कॅमेरा गाडीच्या डिकीत राहू द्यायचा.

गेल्या वर्षी मी बरोबर उलटं केलं होतं. पार्किंगमध्ये उन्हात उभं राहून, ओल्या हातांनी कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणी आत न येणारी पेटी) बंद केलं आणि तशीच पाण्यात शिरले. दहाव्या मिनिटाला काचेवर आतून धुकं. आत कोंडलेली हवा कोमट आणि दमट, बाहेर १२ अंशांचं पाणी, मग काचेवर दव धरणारच. मी आपली स्क्रीन तिरकी करून बघतेय, बटणं दाबतेय, बधिर अंगठ्याला बटण लागतंय की नाही तेही कळत नव्हतं. एवढ्यात मनगटावरचा, खोली आणि वर येण्याचा वेग मोजणारा कॉम्प्युटर ओरडायला लागला. १२ मीटरवरून मी ५ मीटरवर आले होते आणि मला पत्ताही नव्हता. बडी, म्हणजे डाईव्हची जोडीदार, कुठेच दिसेना. ठरल्याप्रमाणे एक मिनिट शोधलं, मग सावकाश वर आले. तीही वर आली होती. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून या वेळी सगळं क्रमाने केलं.

सॅन होजेहून साडेपाचला निघालो. मी, ऑफिसातली तीच मैत्रीण (ती परत यायला तयार झाली, याचं मला फार बरं वाटतं) आणि नवरा, किनाऱ्यावर थांबायला. गिलरॉयला लसणाचा वास, कॅस्ट्रोव्हिलला आर्टिचोकची शेतं, मग एक नंबर हायवेने खाली. सव्वासातच्या आत ब्रेकवॉटरला (बंदराच्या दगडी बांधापाशी) पोचलं की गाडी पाण्याजवळ लागते. शनिवार-रविवारी तिथे शिकाऊ लोकांचे वर्ग असतात, उशीर झाला की टँक पाठीवर घेऊन लांबून चालत यावं लागतं. ७ मिलिमीटरच्या सूटवर माझ्या कमरेला १२ किलो शिसं लागतं, शिवाय टँक. हे ओझं घेऊन शंभर पावलंही पुष्कळ होतात.

लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघितला होता. फक्त उंची बघू नका, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघा. लांब अंतराची लाट दिसायला साधी असते, पण ती खोलवर पोचते आणि तळाशी तुम्हाला मागेपुढे झुलवते. तशा झुल्यात जवळून फोटो काढणं अशक्य. त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता.

पहिली डाईव्ह, हात मोकळे. उतरण्याआधी नवऱ्याने थर्मासमधलं कोमट पाणी ग्लोव्ह्जमध्ये आणि मानेतून सूटमध्ये ओतलं. ही युक्ती फुकटातली आहे आणि पहिली पाच मिनिटं सोपी करते. तरीही हूडच्या कडेशी, कपाळाच्या पट्टीवर पाणी लागतं तेव्हा कळ येतेच. थांबायचं, पृष्ठभागावर तरंगत वीसेक श्वास घ्यायचे, श्वास संथ झाला की मगच खाली. मी वजन तपासलं, मास्क दोनदा काढून घातला, आणि मग आम्ही भिंतीच्या कडेने निवांत हिंडलो. कुठल्या खडकावर काय बसलंय, झुला कुठे कमी आहे, उजेड कुठून येतोय, हे डोक्यात नोंदवलं. सहा मीटरवर एका कपारीत गुलाबी ठिपका दिसला. हॉपकिन्स रोझ : नखाएवढी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय, अंगभर गडद गुलाबी धुमारे, शेवंतीचं छोटं फूलच. जागा लक्षात ठेवली.

दीड तास विश्रांती. सूट कमरेपर्यंत उतरवून, कोरडी टोपी आणि जाड जॅकेट. आलं-गवती चहा, तिळाची चिक्की, तूप-मेतकूट भात डब्यात गरम. अंग पूर्ण गरम झाल्याशिवाय दुसरी डाईव्ह नाही, हेही ठरलेलं.

कॅमेऱ्याचं हाउसिंग मी आदल्या रात्रीच घरी, कोरड्या हवेत बंद केलं होतं. ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) काढून बोटांच्या पेरांमधून सावकाश फिरवली. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला लागतं. एक केस लागला. माझाच, जेमतेम इंचभर. तो तिथे राहिला असता तर १५ मीटरवर त्याच्या कडेने पाणी आत शिरलं असतं. खोबणी पुसली, ओ-रिंगला चमक येईल इतपतच ग्रीस लावलं (जास्त लावलं की वाळू चिकटते), आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या. सकाळभर कॅमेरा ओल्या टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पेटीत, बर्फाशिवाय. नंतर धुकं टिपूसभरही नाही.

दुसरी डाईव्ह जुन्या पाइपाच्या कडेने बाहेर, मेट्रिडियमच्या मैदानाकडे. सुमारे १५ मीटर. हिरवट अंधारातून आधी काहीच दिसत नाही, मग एकदम पांढरं. गुडघ्याएवढ्या उंचीची समुद्रफुलं, जाड देठ आणि वर फुलकोबीसारखा गड्डा, खडक दिसू नये इतकी दाट. मी वाळूच्या जरा वर स्थिर झाले, श्वास सोडला, आणि एकाच फुलाचे सात फोटो काढले. तेवढ्यात फिनला मागून ओढ बसली. बडी असेल म्हणून वळले, तर ठिपक्याठिपक्यांचा हार्बर सील. माझ्या फिनचं टोक तोंडात धरून, मोठ्या काळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. मिशांवर बुडबुडे अडकले होते. मी कॅमेरा उचलला नाही. ठरवून नव्हे, सुचलंच नाही. तो तीनचार श्वासांनी गेला.

परतताना कपारीपाशी थांबलो. गुलाबी शेवंती तिथेच होती. चार फोटो काढले, त्यातला एक चांगला आला. बोटं आखडायला लागली तसा अंगठा वर केला (पाण्याखाली याचा अर्थ 'वर चला') आणि निघालो. एकूण ३४ मिनिटं.

काही विचारायचं असेल तर विचारा.

---

खाजण

ताई, फार छान लिहिलंत. मी मालवणचा. तारकर्ली आणि किल्ल्याच्या मागच्या बाजूला मिळून तिसेक डाईव्ह झाल्यात, एकदा नेत्राणीलाही गेलोय. आमच्याकडे २८ अंशांचं पाणी, तीन मिलिमीटरचा सूटही कधीकधी नकोसा होतो. मार्चमध्ये भावाकडे फ्रीमाँटला येतोय. मला झेपेल का? आणि पाणी निवळ असतं का तिथे?

---

आंबेमोहोर

खाजण, झेपेल, पण सरळ समुद्रात उडी नको. आधी इथल्या प्रशिक्षकाबरोबर एक दिवस करा. तीस डाईव्हचा अनुभव कामी येतोच, फक्त शरीराला तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

एक, वजन. जाड निओप्रीन फार तरंगतं, म्हणून शिसं जास्त. पण १५ मीटरवर दाब वरच्या अडीचपट असतो, तिथे सूट चेपून पातळ होतो, मग तुम्ही जड होता आणि गारही. खाली जाताना बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या जॅकेटात) हवा भरत राहायची, वर येताना वेळेवर सोडायची. माझं गेल्या वर्षी इथेच चुकलं. दुसरं म्हणजे हवा. गारठ्यात श्वास वाढतो, टँक तुमच्या सवयीपेक्षा लवकर उतरतो. आणि हात. ५ मिलिमीटरच्या ग्लोव्ह्जमध्ये बकल, क्लिप, इन्फ्लेटरचं बटण, सगळं आंधळ्यासारखं चाचपावं लागतं. घरी टीव्ही बघताना ग्लोव्ह्ज घालून बकलं लावायची-काढायची सवय करा, खरंच उपयोग होतो.

निवळ म्हणाल तर मालवणच्या डिसेंबरपेक्षा कमीच. इथे ५-६ मीटर दिसलं की चांगला दिवस. मार्चमध्ये तर वायव्येचे वारे सुरू होतात. ते वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलातलं थंडगार, खतावलेलं पाणी वर येतं. मॉन्टेरेची दरी मॉस लँडिंगच्या धक्क्यापासूनच सुरू होते आणि पुढे तीन किलोमीटरपेक्षा खोल जाते. केल्पचं (उंच समुद्री शेवाळाचं) जंगल पोसलं जातं ते या पाण्यावर, आणि पाणी हिरवं होतं तेही त्यानेच. निवळ पाणी हवं असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर.

---

भिंग

कॅमेऱ्याबद्दल थोडी भर घालतो, कारण उबदार निळ्या पाण्यातल्या सवयी इथे नडतात.

लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण हिरव्या पाण्यात प्लवकं (तरंगणारे सूक्ष्म जीव) निळा रंगही खातात, उरतो हिरवा. म्हणून निळ्या पाण्यासाठीचा लाल फिल्टर इथे लावू नका, लागलाच तर गुलाबी-जांभळट छटेचा मिळतो तो लावा. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचा प्रकाश न्या.

तो प्रकाश लेन्सला चिकटून ठेवू नका. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश उघडला की समोरचा कण न् कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो. स्ट्रोब (वेगळे जोडायचे फ्लॅश) दोन्ही बाजूंना लांब, किंचित मागे आणि तोंड जरा बाहेरच्या बाजूला. मधल्या पाण्यावर प्रकाश पडता कामा नये, फक्त विषयाला त्याची कड लागावी. आणि जवळ जा. वाटतं त्याच्या निम्म्या अंतरावर जा, मग आणखी थोडं जा. तुमच्यात आणि माशात जितकं पाणी कमी, तितका रंग जास्त.

छोट्या जिवांसाठी मी आयएसओ २००, शटर १/१२५ आणि एफ ८ वर सुरू करतो, फोटो रॉमध्येच. आणि किनाऱ्यावरच ठरवा, आज छोटे जीव की मोठं दृश्य. दोन्ही हवं म्हटलं की दोन्ही हातचं जातं.

आंबेमोहोर, सात फोटो एकाच फुलाचे, हे वाचून बरं वाटलं. बरेच जण सत्तर विषयांचे सत्तर काढतात.

---

गारठा

मॉन्टेरे नाही, पण आइसलँडला सिल्फ्रामध्ये केलंय, म्हणून लिहितो. थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातली ही भेग उत्तर अमेरिका आणि युरेशियाच्या भूपट्ट्यांमधली. पाणी बारा महिने २ ते ४ अंश. लांगयोकुट्ल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकांतून कित्येक दशकं झिरपत तिथे येतं, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत आरपार दिसतं. खोली १८ मीटरपर्यंतच परवानगी, आणि ड्रायसूटचं (आत पाणी न येऊ देणाऱ्या सूटचं) प्रमाणपत्र किंवा नोंद केलेल्या दहा ड्रायसूट डाईव्ह लागतात.

तिथे फोटोत बर्फ पडत नाही, कण नाहीतच. अडचण वेगळी. आम्ही फेब्रुवारीत गेलो, हवा पाण्यापेक्षा थंड. आमच्या गटात एकाने पाण्यात शिरण्याआधी रेग्युलेटरमधून (टँकची हवा तोंडाशी देणाऱ्या यंत्रातून) श्वास घेऊन बघितला, उच्छ्वासातली वाफ आत गोठली आणि पाण्यात उतरताच हवा धो धो वाहायला लागली. डाईव्ह तिथेच संपली. एवढ्या गार पाण्यात रेग्युलेटर १० अंशांखालच्या पाण्यासाठी बनवलेलाच हवा, बाहेर त्यातून श्वास घ्यायचा नाही आणि पर्जचं (हवा जोरात सोडायचं) बटण उगाच दाबायचं नाही.

आणखी एक, ते गोडं पाणी आहे. समुद्रातलं वजन तसंच लावलं तर जड होतं. बॅटरीचं म्हणाल तर माझी चाळीस मिनिटांत निम्म्याच्या खाली गेली, घरी ती दोन तास चालते.

आंबेमोहोर, कॅमेरा पहिल्या डाईव्हला नको हे मला शंभर टक्के पटलं. सिल्फ्राला एकच डाईव्ह करायची असेल तर ती कॅमेऱ्याविना करा असंही मी म्हणेन. माझ्याकडे दोनशे फोटो आहेत, पण त्या निळाईत नुसतं तरंगल्याची आठवण फार थोडी आहे. त्याची हळहळ अजून वाटते.

---

काढा

मी डॉक्टर आहे, स्वतः डाईव्ह करत नाही, पण मुलगा करतो. त्याला जे सांगते तेच इथे सांगते.

गार पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे सरकतं, आणि शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय. म्हणून लघवीला वारंवार होते. त्या भीतीने लोक पाणीच पीत नाहीत. तसं करू नका, कमी पाण्याने धोका वाढतो. दमा, उच्च रक्तदाब, हृदयाचा त्रास, वय पंचेचाळीसच्या पुढे, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी. अर्जावर खोटं "नाही" लिहू नका.

हातपाय गार असताना तिथे विरघळलेला नायट्रोजनही सावकाश बाहेर पडतो. म्हणून वर येण्याच्या मर्यादा नेहमीपेक्षा जास्त पाळा, आणि खोल, लांब डाईव्ह झाल्यावर लगेच कढत पाण्याखाली उभं राहू नका. कोरडे कपडे, टोपी, कोमट पेय, एवढं पुरे. आणि थरथर सुरू झाली की डाईव्ह संपली. समोर देवमासा आला तरी संपली.

---

आंबेमोहोर

काढा ताई, शेवटचं वाक्य माझ्या डाईव्हच्या वहीत लिहून ठेवलं.

---

रानमेवा

माझा प्रश्न जरा वेगळा. मी पंधरा वर्षांपूर्वी तिथे काचेच्या तळाच्या बोटीतून केल्प बघितला होता. अलीकडे वाचते की जंगल गेलं, नुसते अर्चिन (काटेरी, गोल समुद्री जीव) उरलेत. तुम्हाला काय दिसलं?

---

आंबेमोहोर

रानमेवा, हा प्रश्न विचारलात, फार बरं केलंत.

भिंतीजवळ केल्प आहे. उन्हं वरून तिरकी उतरतात आणि पिवळसर पानं सोन्यासारखी दिसतात, प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा छोटा फुगा. पोषक थंड पाण्यात हा केल्प दिवसाला अर्ध्या मीटरहूनही जास्त वाढू शकतो. पण भिंतीपासून जरा पुढे गेलं की उघडे खडक लागतात आणि त्यांच्यावर जांभळे अर्चिन, काट्याला काटा लागून. पानाचा एक तुकडा शिल्लक नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा टोळधाड गेल्यानंतरचं शेत आठवलं.

झालं ते असं. २०१३ पासून या किनाऱ्यावर तारामाशांना रोग आला, ते अक्षरशः विरघळून गेले. त्यात सूर्यफूल तारामासा सगळ्यात जास्त गेला : वीसेक हातांचा, मीटरभर पसरणारा, आणि अर्चिन खाणारा. त्याच सुमारास, २०१४ ते २०१६, समुद्रात उष्णतेची लाट आली आणि केल्प उपाशी पडला. खाणारा गेला, अर्चिन बेसुमार वाढले. उत्तर कॅलिफोर्नियात सोनोमा-मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरचा ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेला. तारामाशांच्या रोगामागचा जिवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, २०२५ मध्ये सापडला. रोग दिसल्यापासून बारा वर्षांनी.

मॉन्टेरेत जे तुकडे टिकलेत त्यात पाणमांजरांचा मोठा हात आहे. ती केल्पमधले भरलेले अर्चिन खातात, त्यामुळे आहे ते जंगल राखलं जातं. उजाड खडकांवरचे अर्चिन उपाशी, आत मांस नाही, म्हणून त्यांना ती हात लावत नाहीत. कातडीच्या व्यापारापायी ही पाणमांजरं कॅलिफोर्नियातून संपली असं सगळे धरून चालले होते. १९३८ मध्ये बिग सरजवळ पन्नासेक जणांचा कळप दिसला, आजची सगळी त्यांचीच वंशावळ. अंगावर चरबीचा थर नाही, नुसत्या दाट केसांच्या जोरावर त्याच १२ अंशांत जन्मभर राहतात.

त्यांचा फोटो हवा असेल तर किनाऱ्यावरून लांब लेन्सने काढा. पाण्यात त्यांच्या मागे जाणं कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा दचकून पळालं की त्या जिवाची ऊब वाया जाते. ऊब जाणं म्हणजे काय ते आपल्याला अर्ध्या तासात कळतं.

सूर्यफूल तारामासा मला एकदाही दिसलेला नाही. दर डाईव्हला शोधते.

---

भिंग

पाच वर्षं झाली, मलाही नाही. २०१२ मधला एक फोटो आहे माझ्याकडे, पॉइंट लोबोसला व्हेलर्स कोव्हमधला. तेव्हा तो इतका सर्रास दिसायचा की मी नीट फोकसही केला नव्हता.

---

खाजण

ताई, धागा वर काढतोय. मार्चमध्ये आलो होतो, काल परत मालवणला पोचलो.

प्रशिक्षकाबरोबर दोन डाईव्ह केल्या, ब्रेकवॉटरलाच. पाणी ११ अंश. कोमट पाण्याची युक्ती केली. कपाळाला कळ आली तेव्हा तुमचे वीस श्वास मोजले, मी तीस घेतले. खाली चार मीटरपुढे काही दिसत नव्हतं, हिरवं नुसतं. भावाचा कॅमेरा बरोबर होता, पहिल्या डाईव्हला गाडीत ठेवला. दुसरीलाही ठेवला. हात इतके आखडले होते की बीसीडीचं बटण सांभाळणं हेच पुष्कळ होतं.

पाइपाच्या कडेने जाताना प्रशिक्षकाने टॉर्चने एका खडकाकडे खूण केली. मला खडकच दिसला. त्याने प्रकाश तसाच धरून ठेवला आणि मग त्या खडकाने डोळा हलवला. कॅबेझॉन मासा, हातभर लांब, अंड्यांवर राखणीला बसलेला. तोंडासमोर जांभळट अंड्यांचा थर. आम्ही दोन हातांवर होतो तरी तो जागचा हलला नाही, फक्त कल्ले उघडझाप करत होता.

आमच्याकडे घरी सगळ्यांना काय काय दिसलं ते विचारतायत आणि माझ्याकडे एकही फोटो नाही. आईला हाताने आकार करून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे आपल्या गोब्रासारखा. तसाच म्हटलं, फक्त थंडीत बसलेला.

सप्टेंबरात परत येतोय. तेव्हा कॅमेरा दुसऱ्या डाईव्हला. तुम्ही असाल का?

---

आंबेमोहोर

असेन. सव्वासातच्या आत या, गाडी पाण्याजवळ लागेल. चहा आमच्याकडे. खडखडे लाडू मात्र मालवणहून आणा.